रायफलीच्या काडतुसांची पोलादभेदनक्षमता

रायफलीची गोळी ठरावीक अंतरावरून किती जाडीची पोलादी प्लेट आरपार छेदू शकते, यास त्या काडतुसाची पोलादभेदनक्षमता म्हणतात. चिलखती वाहने, संरक्षक भिंती व बुलेटप्रूफ जाकिटे यांची रचना या मोजमापावर आधारलेली असते.

काडतुसांची तुलना

गोळीच्या केवळ व्यासावरून ही क्षमता ठरत नाही. भारतीय सेनेच्या जुन्या एसएलआर रायफलीत वापरल्या जाणाऱ्या ७.६२×५१ मिमी काडतुसाची गोळी सुमारे ९.५ ग्रॅम वजनाची असून ती सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. तिची गतिज ऊर्जा सुमारे ३,३५० ज्यूल असते. ५.५६×४५ मिमीच्या एसएस-१०९ प्रकारातील ४ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा सुमारे १,७३० ज्यूल, म्हणजे जवळपास निम्मी. परंतु ही ऊर्जा गोळीच्या छेदक्षेत्राने भागल्यास दोन्हींचे उत्तर चौरस मिलिमीटरला ७० ज्यूलच्या आसपास येते. एके-४७ च्या ७.६२×३९ मिमी काडतुसाचे उत्तर मात्र ४० च्या थोडे वर राहते. (इन्सास रायफल ५.५६ मिमीची असून जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आयुध निर्माणीत ५.५६ व ७.६२ मिमी या दोन्ही व्यासांची काडतुसे तयार होतात.)

गाभा, वेग व प्लेटचा कठीणपणा

शिशाचा गाभा कठीण पोलादावर आदळताच चपटा होऊन फुटतो. कठीण पोलादाचा गाभा आकार टिकवून आत शिरतो, म्हणूनच चिलखतभेदी गोळ्यांत तो वापरतात. तथापि वेग पुरेसा असल्यास मऊ गाभाही कठीण प्लेट भेदतो. ५.५६ मिमीची जुनी एम-१९३ गोळी शिशाच्या गाभ्याची, हलकी व अधिक वेगवान आहे. जवळच्या अंतरावर कठीण पोलादाविरुद्ध ती पोलादी टोक असलेल्या एसएस-१०९ पेक्षा सरस ठरू शकते. अंतर वाढले की तिचा वेग लवकर घटतो आणि क्रम उलटतो. त्यामुळे अंतर, प्लेटचा प्रकार व गोळी आदळण्याचा कोन सांगितल्याशिवाय केलेली तुलना निरर्थक होय.

मुंबई हल्ला व जाकिटे

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात दहशतवाद्यांकडे एके प्रकारच्या रायफली होत्या. पोलिसांच्या हातातील थ्री-नॉट-थ्री रायफलींवर त्यानंतर बरीच टीका झाली. वस्तुतः भेदनाच्या दृष्टीने .३०३ काडतूस एके-४७ च्या काडतुसापेक्षा दुबळे नाही. त्याची ऊर्जा सुमारे ३,१०० ज्यूल असते. खरा फरक गोळीबाराच्या गतीचा होता. प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे ओढावी लागणारी रायफल स्वयंचलित रायफलीपुढे टिकणे कठीणच.

या हल्ल्यानंतर पोलिसांच्या जाकिटांच्या दर्जाचाही प्रश्न ऐरणीवर आला. केवळ कापडी थरांचे जाकीट पिस्तुलाची गोळी अडवते; रायफलीच्या गोळीसाठी त्यात कठीण प्लेट घालावी लागते. पोलादी प्लेट स्वस्त असली तरी जड असते, आणि तिच्यावर फुटलेल्या गोळीचे तुकडे पृष्ठभागालगत उडून घालणाऱ्याच्या मानेला व हनुवटीला इजा करू शकतात. त्यामुळे आधुनिक जाकिटांत गोळीचा गाभाच फोडणाऱ्या सिरॅमिक प्लेटा वापरतात. भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये बुलेटप्रूफ जाकिटांसाठी आयएस १७०५१ हे मानक जाहीर केले.