लाकडाचा बेडूक आणि मिशिगनचा बॅस

मिशिगनच्या नैऋत्य कोपऱ्यात डोवाजॅक नावाचं एक छोटं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे जेम्स हेडन नावाचे गृहस्थ राहायचे. मधमाश्या पाळणं हा त्यांचा उद्योग. त्यातही माणूस खटपट्या, मधमाश्यांसाठी स्वतःच्या नमुन्याची पेटी काढून तिचं पेटंट घेतलेला. तर हे हेडनसाहेब एकदा गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट बघत बसले होते म्हणे. हाताला चाळा म्हणून चाकूने लाकडाचा तुकडा तासत होते. उठताना तो तुकडा त्यांनी पाण्यात भिरकावला आणि खालून एका बॅसने येऊन तो हवेत उडवला. हेडन घरी गेले ते लाकडाचे बेडूक कोरायचं डोक्यात घेऊनच.

गोष्ट छान आहे. जरा जास्तच छान आहे. कारण त्याच्या कितीतरी आधीची ज्युलिओ ब्युएलची गोष्टही अशीच सांगतात. नावेत बसून जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला, चमकत चमकत बुडणाऱ्या त्या चमच्यावर माशाने झडप घातली, मग त्याने चमच्याची दांडी कापून त्याला गळ जोडला. पेटंट १८५२ चं. न्यूटनच्या सफरचंदासारखंच हे, खरं असो वा नसो, सांगायला बरं. हेडनचे बेडूक मात्र दंतकथा नाहीत. त्यांनी हाताने कोरलेले काही बेडूक टिकून आहेत, संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. आणि १९०२ च्या सुमारास हेडन बापलेकांनी डोवाजॅकमध्ये लाकडी आमिषांचा रीतसर कारखाना काढला हेही खरं आहे.

इथे एक खुलासा, खास नातेवाईक मंडळींसाठी. बॅस म्हणजे 'बास कर आता'मधला बास नव्हे. आणि आपला अलिबागकडचा जिताडा, ज्याला इंग्रजीत एशियन सीबॅस म्हणतात, त्याचाही हा कोणी लागत नाही. हा गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला अमेरिकन मासा. त्याच्या दोन मुख्य जाती: मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा. मोठ्या तोंडाच्याला पाणवनस्पती, पडकी झाडं, कोमट आणि उथळ पाणी आवडतं. लहान तोंडाच्याला थंड, स्वच्छ पाणी आणि तळाला दगडगोटे लागतात. उत्तरेकडची तळी म्हणजे खरं तर ह्या दुसऱ्याचं राज्य, आणि माझा पक्षपात आधीच सांगून टाकतो, मलाही तोच आवडतो.

एकेकाळी ह्या माशाला मान नव्हता. मान ट्राउटला होता. ट्राउट म्हणजे साहेबी मासा आणि बॅस म्हणजे गावगुंड. १८८१ मध्ये जेम्स हेन्शॉल नावाच्या डॉक्टरने फक्त ह्या माशावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि गळाला लागल्यावर ह्याच्याइतकं झुंजणारं दुसरं काही नाही असं ठासून मांडलं. पण पुस्तकाच्या आधीच रेल्वेने आपलं काम सुरू केलं होतं. १८५४ मध्ये ओहायो नदीच्या बाजूचे थोडे बॅस बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घालून पोटोमॅकच्या खोऱ्यात नेऊन सोडले होते. पुढे जिथे रूळ गेले तिथे बॅस गेला. आज ज्या कित्येक तळ्यांत तो 'पूर्वापार' आहे असं लोक सांगतात, तिथे तो आगगाडीने आलेला पाहुणा आहे.

आता मूळ प्रश्न. मासा लाकूड का खातो?

हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतावतोय. आमिष म्हणजे आपल्याकडे गांडूळ, कोळंबी, पिठाची गोळी. कोकणात गरवायला बसणारा माणूस माशाला निदान खरं काहीतरी देतो. इथे मात्र सव्वाशे वर्षं लोक माशाला लाकूड, शिसं, पत्रा, प्लॅस्टिक देत आले आणि मासा घेत आला. मला वाटतं, प्रत्येक नवीन आमिष हे 'माशाच्या मनात काय चालतं' ह्या प्रश्नाचं एकेक उत्तर होतं.

हेडनचं उत्तर होतं: डिवचा. त्यांची सुरुवातीची लाकडं पाण्याच्या वर खळखळाट करत यायची. ती कुठल्याच प्राण्यासारखी हुबेहूब दिसत नव्हती आणि तशी गरजही नव्हती. बॅस भूक नसतानाही चिडून झडप घालतो हे त्यांना कळलं होतं. अर्थात लाकूड लांब फेकायचं तर रीळ चांगलं हवं. केंटकीतल्या घड्याळजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दातेरी चाकांची सुबक रिळं बनवायला घेतली होती. पण त्यावर दोरी एकसारखी गुंडाळायचं काम अंगठ्यालाच करावं लागे, नाहीतर गुंता ठरलेला. ते काम यंत्राकडे सोपवणारं रीळ १८९० च्या दशकात आणलं मिशिगनमधल्याच कॅलामाझूच्या विल्यम शेक्सपियरने. (हो, हेच नाव. नाटकांशी काही संबंध नाही.)

दुसरं उत्तर फार लांबून आलं, फिनलंडमधून. लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. सरोवरात नाव वल्हवत असताना त्याने पाहिलं की लहान माशांच्या थव्यात मोठा मासा शिरला की तो धडधाकट मासे सोडून किंचित वाकडा पोहणारा, जखमी मासाच नेमका उचलतो. मग १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या चाकूने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वर फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. गंमत म्हणजे त्याने सगळी मेहनत घेतली ती तो मासा नीट पोहू नये म्हणून! ते थोडंसं झोकांडणं हीच त्याची करामत. १९५९-६० च्या सुमारास मिनेसोटातल्या दोघा विक्रेत्यांनी ही आमिषं अमेरिकेत आणली. १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' मासिकात त्यावर लेख आला, आणि नेमका त्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मॅरिलिन मन्रो होती. अंक हातोहात खपला. फिनलंडच्या कारखान्याला मागणी पुरवता पुरवता नाकी नऊ आले.

उत्तरेत वसंतात, बर्फ वितळून पाणी दहा-बारा अंशांवर आलं की अजूनही ह्याच कुळातली लांबट आमिषं वापरतात. युक्ती हलवण्यात कमी आणि थांबण्यात जास्त. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. पाच सेकंद, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. थंड पाण्यात माशाचं शरीर मंद चालतं, पाठलाग त्याला परवडत नाही. म्हणून आमिष मध्येच अधांतरी थांबलं पाहिजे. जुनी लाकडी आमिषं थांबली की वर तरंगायची, म्हणून लोक त्यांना शिसं चिकटवून नेमकं वजन साधायचे. आता तशीच तयार मिळतात.

तिसरं उत्तर ओहायोच्या अ‍ॅक्रन गावचं, १९४९ चं. निक क्रीम आणि त्याची बायको ह्यांनी घरातच मऊ प्लॅस्टिक ओतून गांडूळ बनवलं. लाकूड तोंडात आलं की मासा क्षणात थुंकतो, मऊ वस्तू जरा जास्त वेळ धरतो, आणि तेवढा वेळ पुरतो. बाकी प्लॅस्टिकच्या गांडुळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्याचा खप मात्र काय विचारता.

तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष 'काय' टाकायचं ह्यावर होतं. 'कुठे' हा प्रश्न नॉर्थ कॅरोलायनाच्या बक पेरीने धसाला लावला. त्याने पत्र्याचं एक वाकडं आमिष बनवलं होतं, पण ते माशापेक्षा तळ चाचपण्यासाठी जास्त होतं. १९५० च्या दशकात तो उत्तरेत आला आणि शिकागोजवळच्या, लोकांनी ओरबाडून संपली असं समजलेल्या तळ्यांतून मोठे बॅस काढून दाखवू लागला. त्याचं म्हणणं साधं होतं: मासा दिवसाचा बराच वेळ खोल पाण्यात असतो आणि किनाऱ्याकडे येताना तळाच्या ठरावीक वाटांनी येतो. उत्तरेकडची तळी हिमनद्यांनी कोरलेली. त्यात पाण्याखाली सोंडा आहेत, टेकाडं आहेत, एकदम तुटणारे कडे आहेत. पाण्यावरून सगळं सपाट दिसतं, खाली मात्र सह्याद्री. त्याच दशकाच्या अखेरीस कार्ल लोरन्सने लहान नावेत मावणारं सोनार बाजारात आणलं आणि पेरी जे पत्र्याने चाचपत होता ते दिव्याच्या लुकलुकीत दिसू लागलं.

मग आलं १९७२. रे स्कॉट हा अलाबामाचा विमा एजंट. त्याने १९६७ पासून बॅस पकडण्याच्या मोठ्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली होती. त्याने १९७२ मध्ये स्पर्धकांना मासा जिवंत ठेवून परत सोडायला लावलं. आज इथल्या बॅसवाल्यांत मासा सोडणं हा जवळजवळ धर्मच झालाय.

आणि इथेच आमच्या मावशीचा प्रश्न येतो. "अरे, पकडायचा आणि सोडायचा, तर मग पकडायचा कशाला?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मराठीत 'गळ घालणे' म्हणजे विनवणी करणे, असं सांगून मी वेळ मारून नेतो. पण मावशीचा प्रश्न विनोदाने संपत नाही. जपानात १९२५ मध्ये अमेरिकेतून बॅस नेऊन आशी सरोवरात सोडला. आज तिथे तो स्थानिक माशांचा वैरी ठरलाय, आणि बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तिथे २००३ पासून पकडलेला बॅस परत सोडायलाच बंदी आहे! इकडे न सोडणं असंस्कृत, तिकडे सोडणं बेकायदा. मासा एकच.

आमच्या जवळचं सेंट क्लेअर सरोवर हे ह्या सगळ्या इतिहासाचं ताजं पान. सरासरी खोली जेमतेम अकरा फूट. १९८८ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले, युरोपकडच्या जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले. त्यांनी पाणी गाळून गाळून नितळ केलं. १९९० मध्ये शेजारच्या सेंट क्लेअर नदीत गोल गोबी हा काळ्या समुद्राकडचा बोटभर मासा आढळला, तोही तसाच आलेला. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, पोहण्यापेक्षा तळाला सरपटणारा. लहान तोंडाच्या बॅसला तो इतका आवडला की त्याच्यावर तो धष्टपुष्ट झाला. आणि आमिषंही बदलली. आता इथे हिरवट-तपकिरी रंगाची, आतून पोकळ, मागे झालर असलेली मऊ नळी तळावरून हळूहळू ओढतात. किंवा वजन खाली आणि गळ त्याच्या फूटभर वर अशी मांडणी करून मऊ आमिष जागच्या जागी थरथरवतात. ही दुसरी पद्धत अमेरिकेत रूढ झाली ती जपानी गळकऱ्यांकडून. बॅस इथून तिकडे गेला, युक्ती तिकडून इथे आली.

पण गोबीची दुसरी बाजू आहे. बॅसमध्ये घरटं नर राखतो. पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं की तो तळाचे खडे शेपटीने साफ करून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि मग हा पठ्ठ्या अंडी आणि पिल्लं राखत बसतो. जवळ येईल त्याच्यावर धावून जातो, आपल्या प्लॅस्टिकवरही. त्या वेळी त्याला खायचं नसतं, हाकलायचं असतं. ईरी सरोवरात संशोधकांनी नर बाजूला काढून पाहिलं तर काही मिनिटांत गोबी घरट्यात शिरून अंडी खाऊ लागले. म्हणजे मासा सोडला तरी, तो पकडून, वजन करून, फोटो काढून सोडेपर्यंत घर लुटलेलं. उत्तरेत उन्हाळा आखूड. दीड फुटाचा बॅस व्हायला बरेचदा आठ-दहा वर्षं लागतात, आणि घरटं उधळलं की बहुधा ते वर्ष गेलं.

ह्याच्याही पुढचं काम इलिनॉयमधल्या रिज लेक ह्या तळ्यावरून निघालं. १९७० च्या दशकात तिथे प्रत्येक पकडलेल्या मोठ्या तोंडाच्या बॅसला खूण करून, नोंद करून परत सोडायला सुरुवात झाली. काही मासे पुन्हा पुन्हा गळाला लागत, काही कधीच नाही. दोन्हींची वेगवेगळी पैदास केली. पिढ्यांमागून पिढ्या दोन घराण्यांतला फरक वाढत गेला, म्हणजे गळाला लागणं हे काही अंशी रक्तातच असतं. २०१२ मध्ये ह्याच घराण्यांवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गळाला सहज लागणारे नर घरटं जास्त आक्रमकपणे राखतात, आणि त्यांची पिल्लंही जास्त जगतात, असं त्यात दिसलं.

हल्ली मे महिना संपेपर्यंत मी उथळ पाण्यातल्या खडकाळ पट्ट्यांकडे नाव नेत नाही. नितळ पाण्यात घरटी वरूनसुद्धा दिसतात, ताटाएवढी, आजूबाजूच्या तळापेक्षा उजळ. त्यावर एकेक काळसर सावली, जागच्या जागी कल्ले हलवत.