‘स्वतः’ म्हणजे कोण? : मराठी आत्मकथनांतील नाव आणि मीपण

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. आजचा वाचक हे पुस्तक उघडतो तेव्हा सुरुवातीलाच एका शब्दापाशी थबकतो. तो शब्द आहे ‘स्वतः’. पुस्तकात ‘स्वतः’ कचेरीतून येतात, ‘स्वतः’ बोलतात, ‘स्वतः’ आजारी पडतात. थोड्या वेळाने उलगडा होतो की हे ‘स्वतः’ म्हणजे लिहिणाऱ्या रमाबाई नव्हेत, त्यांचे यजमान आहेत. पतीचे नाव उच्चारायचे नाही या रीतीतून हा शब्द आला. कुणी ‘इकडून’ म्हणे, कुणी ‘स्वारी’ म्हणे, रमाबाई ‘स्वतः’ म्हणत. 1938 साली कॅथरीन गेट्स या अमेरिकन बाईंनी या आठवणींचे इंग्रजी रूपांतर केले, तेव्हा पुस्तकाचे नावच ‘हिमसेल्फ’ असे ठेवले.

एका बाईने लिहिलेल्या आत्मकथनात ‘स्वतः’ या शब्दाचा धनी तिचा नवरा असावा, ही गोष्ट गमतीची म्हणून सोडून देता येत नाही. माणसाचे मीपण कशाने घडते, हा प्रश्न तत्त्वज्ञान्यांनी पुष्कळ चर्चिला आहे. आपल्याकडे त्या प्रश्नाचा एक ठोस, लिखित इतिहास आहे. तो एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या बायकांच्या नावांत आणि त्यांनी मागे ठेवलेल्या लेखनात सापडतो.

*

आधी नावे पाहू. रमाबाई मूळच्या यमुना कुर्लेकर. जन्म 1862 चा, देवराष्ट्रे गावचा. 1873 साली, अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि यमुनेची रमा झाली. याच सुमारास कल्याणला आणखी एक यमुना वाढत होती. तिचा जन्म 1865 चा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले 1880 मध्ये नारायण वामन टिळकांच्या घरी आली ती लक्ष्मी होऊन. बालविधवा गोदूबाई जोशी 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

ताम्हनात किंवा ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यावर नवे नाव लिहायचे आणि साखर वाटायची, असा हा विधी. अर्ध्या घटकेत आटोपणारा. आडनाव बदलणे जगात इतरत्रही आहे. आपल्याकडे हाकेचे नावही बदलत असे. माहेरच्या अंगणात ज्या नावाला मुलगी ‘ओ’ देई, ते नाव सासरच्या उंबऱ्याबाहेर राही. शिवाय नव्या नावानेही तिला फारसे कुणी हाक मारीत नसे. ती सूनबाई होई, वहिनी होई, पुढे अमक्याची आई होई. नवरा तिचे नाव चारचौघांत घेत नसे आणि ती नवऱ्याचे नाव घेई ते उखाण्यात.

म्हणून या बायका लिहायला बसल्या तेव्हा त्यांच्यापुढची अडचण केवळ शुद्धलेखनाची नव्हती. ‘मी’ हे सर्वनाम कुठून सुरू करायचे, ही होती.

*

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वांत अवघड आहे. गोपाळरावांनी बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतला होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ तिथे सांगतात. 1883 मध्ये त्या कलकत्त्याहून नवऱ्याविना अमेरिकेला निघाल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांना देऊ करण्यात आली. ती स्वीकारूनही तिथे काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे नव्हते.

या चरित्राचा जो भाग शाळेच्या धड्यात येत नाही, तो त्यांच्या पत्रांत आहे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्या जुन्या दिवसांचा हिशेब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या-पुस्तके आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. हे सारे त्या नाव घेऊन सांगतात. आणि पुढे म्हणतात की तुमचे हे वागणे बरोबर होते की चूक, हे ठरवणे फार कठीण आहे. अंतिम हेतू पाहिला तर बरोबर वाटते, बालमनावरचा परिणाम पाहिला तर चूक होते असे मान्य करावेच लागते.

मला हे पत्र मराठी स्त्रीच्या मीपणाचा फार मोठा दस्तऐवज वाटतो. नाव नवऱ्याने दिलेले, विद्या नवऱ्याने दिलेली, परदेशी जाण्याची कल्पनाही प्रथम नवऱ्याची. मग आनंदीबाईंचे स्वतःचे असे काय उरले? उरला तो हा न्यायनिवाडा. ज्याने आपल्याला घडवले त्याच्या समोर उभे राहून, त्याचे ऋण न नाकारता आणि त्याचा मार न विसरता, दोन्ही पारडी तोलणारी ती एक विशीतली मुलगी. तो तराजू तिला कुणी दिलेला नव्हता.

*

रमाबाई रानड्यांच्या पुस्तकात असा निवाडा उघडपणे येत नाही. तिथे भक्ती आहे. पण नीट वाचले तर त्या ‘स्वतः’च्या आडून दुसरे कुणी सतत पाहत असल्याचे जाणवते. नवऱ्याने शिकायला लावले आणि त्याचे शासन मात्र घरातल्या बायकांकडून सोसावे लागले. कुणाचे टोमणे कसे लागले, कुठे गप्प बसावे लागले, कुठे रडू आले, नवऱ्याच्या शांतपणाचाही कधी राग आला, हे त्या तपशिलाने सांगतात. हे तपशील न्यायमूर्तींच्या चरित्रकाराला सुचले नसते. ते फक्त त्या घरात अकराव्या वर्षी आलेल्या मुलीला ठाऊक होते. ‘स्वतः’ हा शब्द तिने नवऱ्याला दिला खरा, पण पाहणारा डोळा स्वतःकडेच ठेवला.

रानडे गेल्यावर रमाबाईंनी पुण्यात सेवासदनाचे काम उभारले. शिक्षिका आणि परिचारिका तयार केल्या. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या उभ्या राहिल्या. ‘आमच्या आयुष्यातील’ या शीर्षकातले ‘आमच्या’ आदरार्थी नाही, दोघांचे आहे. तरी त्या दोघांपैकी एकटी उरलेली व्यक्ती आयुष्यातली तेवीस वर्षे काय करत राहिली, हे पाहिले की ‘आमच्या’मधला तिचा वाटा किती होता ते कळते.

लक्ष्मीबाई टिळकांनी वेगळी वाट काढली. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणतात. त्यांचे वडील सोवळ्याच्या आहारी गेलेले, साखर-मीठसुद्धा धुऊन घेणारे. अशा घरातली ही मुलगी. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर फुटले. लक्ष्मीबाई पुढे 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. या पाच वर्षांत त्यांच्यातला बदल कसा झाला, हे त्यांनी ज्या रीतीने सांगितले आहे ते लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांचे मन प्रथम धर्मग्रंथाने बदलले नाही. जात माणसाने केली की देवाने, हा प्रश्न त्यांना पडला, त्यांनी त्याचे उत्तर स्वतःशी दिले, आणि मग कुणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा नंतर आला. ज्या हाताने आयुष्यभर विटाळ मोजला तो हात पाण्याच्या भांड्याकडे गेला, तेव्हाच मनकर्णिका आणि लक्ष्मी या दोघींपेक्षा निराळी अशी एक बाई तयार झाली. तिला नवे नाव लागले नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या ‘मेरी रमा’ झाल्या. नवा धर्म त्यांनी घेतला, पण त्या धर्माच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलेले प्रत्येक चिन्ह घेतले नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्याला त्यांचा आक्षेप होता. आपल्या संस्कृतात काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. त्यांच्याच शारदा सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आलेल्या गोदूबाईंनी पुढे, आनंदीबाई कर्वे म्हणून, 1944 साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘माझे पुराण’. पुराणे देवांची असतात. इथे एका केशवपन झालेल्या, मग पुनर्विवाहित झालेल्या, वाळीत टाकलेल्या बाईचे पुराण आहे.

*

‘आमच्या’पासून ‘माझे’पर्यंतचा हा प्रवास पाहून वाटेल की मीपणाचा विकास म्हणजे अनेकवचनाकडून एकवचनाकडे जाणे. पण मराठी साहित्य इतके सरळ चाललेले नाही. बेबी कांबळे यांनी महार समाजातल्या बायकांचे जगणे लिहिले. वर्षानुवर्षे लिहिलेले त्यांनी नवऱ्यापासून लपवून ठेवले. पुस्तक 1986 मध्ये निघाले आणि त्याचे नाव ‘जिणं आमुचं’. हे ‘आमुचं’ रमाबाईंच्या ‘आमच्या’सारखे नवरा-बायकोचे नव्हे, पुऱ्या वस्तीचे आहे. ज्यांना एकेकट्याने माणूस म्हणून मोजलेच गेले नाही, त्यांच्यातील एकीने ‘मी’ म्हणण्याआधी ‘आम्ही’ म्हणणे हा संकोच नव्हता. तो हक्क सांगणे होते.

1978 च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी हाच गुंता वेगळ्या तऱ्हेने मांडला. तिथे दया पवार आणि दगडू मारुती पवार हे जणू दोन माणसे म्हणून भेटतात. सुशिक्षित, शहरातला, पांढरपेशांत वावरणारा एक, आणि गावकुसाबाहेर वाढलेला दुसरा. दगडू बोलतो, दया ऐकतो. निवडलेले नाव जुन्या नावाला पुसू शकत नाही, आणि जुने नाव नव्याला खोटे ठरवू शकत नाही. यमुना आणि रमा यांचे नाते याहून फार वेगळे असेल असे वाटत नाही. फरक एवढाच की यमुनेला बोलायला कुणी बसवले नाही.

*

यावर एक आक्षेप निघतो. यमुना हे नाव तरी मुलीचे स्वतःचे कुठे होते? तेही वडीलधाऱ्यांनीच ठेवलेले. मातृभाषा, जात, देव, चवी, भीती, सगळे दुसऱ्याचेच दिलेले. मग सासरच्या नावाबद्दलच एवढी हळहळ का? आक्षेप योग्य आहे आणि अर्धा आहे. बारशाचे नाव आधी काही पुसत नाही, कारण आधी काही नसते. लग्नातले नाव दहा-अकरा वर्षांच्या जगलेल्या माणसावर लिहिले जाते. तांदूळ पुसून पुन्हा लिहिता येतात म्हणूनच त्यांवर लिहीत असावेत, असे म्हणण्याचा मोह होतो. माणूस तांदूळ नसतो.

या आत्मकथनांतून मला जे दिसते ते असे. स्वत्व म्हणजे इतरांनी दिलेल्या सगळ्या गोष्टी वजा केल्यावर उरणारा गाभा नव्हे. तसा गाभा शोधायला गेलो तर रमाबाईंच्या हाती काहीच लागत नाही, आणि आपल्याही लागणार नाही. दिलेल्या गोष्टींचा हिशेब कुणी ठेवला, यात स्वत्व असते. आनंदीबाईंचा तराजू, रमाबाईंचा पाहणारा डोळा, लक्ष्मीबाईंचा पाण्याकडे गेलेला हात, बेबीताईंची लपवलेली पाने. या चारही ठिकाणी साहित्य दुसऱ्याचे आहे आणि कृती त्यांची.

मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ठरवले की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राहील. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत पतीच्या नावाची चालू पद्धत कायम ठेवण्यात आली. म्हणजे आई मुलाच्या नावात आली, पण त्या आईचे नाव कोणते, माहेरचे की सासरचे, हा जुना प्रश्न तिथेच आहे. तो सरकारी तक्त्याने सुटणारही नाही. ज्यांच्या घरी आजीचे पहिले नाव कुणाला आठवत नाही, त्यांनी यंदाच्या दिवाळीत ते विचारून ठेवावे. आजी असेल तर तिला, नसेल तर तिच्या माहेरी.