फटफटी ते टर्बो : धुराची ताकद आणि आवाजाची हौस

मोटारसायकल आपल्याकडे आली तेव्हा लोकांनी तिला नाव दिलं फटफटी. यंत्राची ओळख आधी कानाला झाली, मग डोळ्यांना. त्याही आधी दमणी वेशीपाशी यायच्या आत बैलांच्या घुंगुरमाळा ऐकू यायच्या आणि कोणाकडे पाहुणे आले ते ओसरीवरच्या माणसाला कळायचं. ‘आम्ही आलो’ हे आवाजातून सांगायची हौस जुनीच आहे. आज रात्री राजूर घाटात धडधडत चढणारी मोटार हेच सांगते. फरक एवढाच, की घुंगरांनी कोणाची झोप मोडत नसे.

हा आवाज येतो कुठून? इंजिनात इंधनाचा भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि धूर बाहेर पडायची झडप उघडते. त्या वेळी धुरात बराच दाब शिल्लक असतो. तो एकदम हवेत सुटतो, म्हणून धमाका होतो. मिनिटाला असे हजारो धमाके. सुरुवातीच्या मोटारींपुढे रस्त्यावरचे घोडे बुजायचे. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी धूर शांत करणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. धुराला छिद्रांच्या नळ्यांतून आणि कप्प्यांतून फिरवायचं, म्हणजे आवाजाच्या लाटा एकमेकींवर आदळून मंद होतात, ही त्यामागची युक्ती. तोच आपला सायलेन्सर. आपल्या गॅरेजात आतल्या त्या नळीला पुंगळी म्हणतात.

पुंगळी काढायची हौसही तेवढीच जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांतल्या कित्येक मोटारींना अशी एक झडप असे, की ती उघडली म्हणजे धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. लोक वैतागले आणि अनेक शहरांनी तिच्यावर बंदी घातली. म्हणजे हे भांडण जवळपास मोटारीच्याच वयाचं आहे.

याच काळात स्वित्झर्लंडमधल्या आल्फ्रेड ब्यूची नावाच्या इंजिनिअरने त्याच धुराकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. इंधनातल्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. तो कामाला का लावू नये? १९०५ मध्ये त्याने आपल्या कल्पनेचं पेटंट घेतलं. धुराच्या झोतात एक छोटं चक्र ठेवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. कल्पना सोपी, पण भट्टीसारख्या उष्णतेत मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारं चक्र टिकवणं कठीण. वीस वर्षं गेली. मग दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद या युक्तीने १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. अमेरिकेत १९६२ मध्ये टर्बो मोटारीत आला.

आपल्याकडे सर्वसामान्यांना ‘टर्बो’ हा शब्द शिकवला तो डिझेल गाड्यांनी. १९९८ मध्ये टाटांची सफारी आली, २००२ मध्ये महिंद्रांची स्कॉर्पिओ. पुढे छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो शिरला. तेव्हा चाकणला तयार होत असलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली, रांजणगावची टाटा नेक्सॉन २०१७ मध्ये. अवघ्या १२०० सीसीच्या इंजिनातून शंभराहून जास्त अश्वशक्ती! बाजारहाटाला, शाळेला, सासुरवाडीला जायची गाडी एकाएकी चपळ झाली आणि तरुणांचं लक्ष तिच्या नळकांड्याकडे गेलं.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. टर्बोच्या चक्रामागे धुराला वाट मोकळी मिळाली तर चक्र लवकर वेग घेतं. म्हणून चक्राला लागून असलेला नळ रुंद करतात, इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलतात. ताकद खरोखर वाढते. पण अनेक गाड्यांत त्याच नळात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निवळते. आपल्या चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली. ती काढली की चार-दोन घोडे आपल्या वाट्याला येतात आणि विष मागच्या स्कूटरवरच्या लेकराच्या वाट्याला.

बहुतेकांच्या खिशाला तेवढं झेपत नाही. ते फक्त शेवटचा डबा बदलतात. त्याने ताकद वाढते ती जवळजवळ कानापुरती. गंमत अशी, की टर्बोचं चक्र धुरातली शक्ती शोषून घेतं, तेव्हा आवाजही आपोआप दबतो. ब्यूचीने कामाला लावलेल्या धुराला पुन्हा बोंब मारायला लावायचं, म्हणजे शंभर वर्षांचा इतिहास उलटा फिरवायचा.

कायदा स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सर बंधनकारक आहे. कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या आणि धुराच्या प्रदूषणाबद्दल पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद झाली. वस्तीत रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबल दहाने वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. तरी हौस चिरडली गेली नाही, कारण ती लोखंडात नसते.

बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून या जंगलात पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून त्याचा माग लागला. एरवी शेतं, ओढे, रस्ते ओलांडत तो मुकाट्याने आला. ज्याच्या नुसत्या नावाने गावं दारं लावतात, त्याला आपलं येणं ओरडून सांगावं लागलं नाही.

गाडीची आवड असणाऱ्या मुलांना मी नावं ठेवणार नाही. यंत्र उघडून पाहणाऱ्या हातांतूनच उद्याचे कारागीर घडतात. त्यांनी एवढंच करावं : रात्री घाट उतरून गावात शिरताना कुठल्या खिडकीत अभ्यासाचा दिवा जळतो, कुठल्या घरात आजारी माणूस नुकता डोळा लागून पडला आहे, त्याचा विचार करावा आणि पाय जरा हलका ठेवावा. धूर चक्र फिरवतोच आहे. त्याला ओरडायला लावायची गरज नाही.