कडेवरचें मूल

आपल्या मराठी भाषेंत मुलाचें वय वर्षांनीं मोजण्यापूर्वीं आईच्या अंगावर मोजलें जातें. पोटांतलें मूल, अंगावरचें मूल, मांडीवरचें मूल, कडेवरचें मूल, आणि मग हाताशीं आलेलें मूल. कितवा महिना चालला आहे हें कोणी न सांगतांहि ऐकणाराला एवढ्यावरून सारें समजतें. यांपैकीं पहिल्या दोहोंची आणि शेवटच्याची दखल शास्त्रानें, वैद्यानें किंवा सरकारानें कोठें ना कोठें घेतली आहे. कडेवरच्या मुलाची, म्हणजे अंगावरचें दूध तुटूं लागल्यापासून तें आपल्या पायांनीं शाळेच्या दारापर्यंत येईतोंच्या मुलाची, दखल मात्र फार उशिरां घेतली गेली. ती कशी घेतली गेली आणि तींत आमच्या वर्धा जिल्ह्याचा वांटा काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलें कीं सावंगी (मेघे) हें गांव येतें. बोरगांव (मेघे), सिंदी (मेघे) हीं त्याचीं कंसांतलीं भावंडें. सावंगीस १९९० सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि त्याला जोडून आचार्य विनोबा भावे यांच्या नांवाचें ग्रामीण रुग्णालय आहे. कोणत्याहि मोठ्या रुग्णालयाच्या बालविभागांत गेल्यावर आईला कांहीं ठराविक प्रश्न विचारतात. मान कधीं धरली? पालथें कधीं पडलें? आधारावांचून कधीं बसलें? पहिलें पाऊल कधीं टाकलें? दोन शब्द जोडून कधीं बोललें? डॉक्टरांना उत्तर महिन्यांत हवें असतें. आमच्याकडच्या आया तें सणांत देतात. "नागपंचमीला बसत होती, दसऱ्याला धरून उभी राहिली, संक्रांतीला सुटली." जन्मतिथि ठाऊक असली म्हणजे हें उत्तर महिन्यांच्या उत्तराहून कांहीं कमी नेमकें नसतें.

सण आठवतो, कारण सणाला माणसें पाहतात. परंतु चालण्याचा म्हणून स्वतंत्र सण कोठें आहे? शास्त्रांनीं सोळा संस्कार सांगितले, त्यांपैकीं बरेच पहिल्या वर्षाच्या आंतच आटोपतात. नांव ठेवणें, चौथ्या महिन्यांत घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन करविणें, सहाव्या महिन्यांत अन्नप्राशन. अन्नप्राशन म्हणजे आपली उष्टावण. मामानें सोन्याची अंगठी खिरींत बुडवून बाळाच्या ओठांस लावावी, अशी पुष्कळ घरांत रीत आहे. पुढें पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षीं जावळ निघतें, आणि मग एकदम पांचव्या वर्षाचा विद्यारंभ व आठव्या वर्षाची मुंज; आणि मुंज तरी किती घरांत, आणि त्या घरांतहि मुलगी वगळूनच. पहिल्या पावलाचा संस्कार नाहीं. पहिल्या शब्दाचाहि नाहीं.

शास्त्रकारांनीं मोकळी सोडलेली ही जागा बायकांनीं आणि सुतारांनीं भरून काढली. संक्रांतीनंतर मुलाला हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. त्याला कोठें बोरन्हाण म्हणतात. आमच्याकडे लूट म्हणतात. देव्हाऱ्यांतला बाळकृष्ण पाहा. एक गुडघा व एक हात जमिनीला टेकलेला, दुसऱ्या हातांत लोण्याचा गोळा. लेक सासरीं जातांना माहेराहून अन्नपूर्णेबरोबर हा रांगता देव नेते. ज्या धर्मानें रांगण्याला संस्कार दिला नाहीं, त्याच धर्माच्या देव्हाऱ्यांत देव रांगतो आहे, हें मला नेहमींच मौजेचें वाटत आलें आहे.

सुताराची कृति म्हणजे पांगुळगाडा. तीन चाकें, पुढें उभी चौकट आणि धरावयाला आडवा दांडा. मूल त्याच्या मागें उभें राहतें, तोल स्वतःचाच सांभाळतें, गाडा ढकलतें आणि गाड्याबरोबर पुढें सरकतें. अलीकडे दुकानांत मिळणारें वॉकर दिसावयास त्याच जातीचें, परंतु तत्त्व उलटें. त्यांत मुलाला मधोमध बसवितात. भार झोळीवर पडतो, पाय चवड्यांवर लोंबतात आणि गाडी भरधाव सुटून जिन्यावरून किंवा चुलीवर जाते. कानडा देशानें २००४ सालीं त्याच्या विक्रीला बंदी केली. आमच्या सुताराला हें शरीरशास्त्र कोणी शिकविलें नव्हतें, पण त्याचा गाडा निर्दोष होता. मूल चालूं लागलें कीं ढकलण्याची जागा ओढणें घेतें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपूर-वर्ध्याकडे तान्हा पोळा भरतो. लहान मुलें चाकांचे लांकडी बैल दोरीनें ओढीत दारोदार जातात व बोजारा घेतात. आमच्या जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा दूरवर प्रसिद्ध आहे. त्या गर्दींत ज्याला जेमतेम पाय फुटले आहेत असें पोरहि आपला बैल सोडीत नाहीं.

हा झाला आनंदाचा भाग. परंतु कडेवरचें वय हें फार धोक्याचेंहि वय आहे. सुश्रुतसंहितेंत सहाव्या महिन्यांत हलकें, हितकर अन्न द्यावें असें सांगितलें आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २००१ सालीं सहा महिने निव्वळ आईचें दूध व पुढें दुधाबरोबर वरचें अन्न, हाच हिशेब ठरविला. अडचण उष्टावणीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. खिरीचें बोट समारंभानें लागतें, पण त्यानंतर रोज चार-पांच वेळां मऊ भात, वरण, दुधांत कुस्करलेली भाकर भरवीत कोण बसणार? मुलाचें पोट मुठीएवढें. मोठ्यांच्या दोन जेवणांवर त्याचें भागत नाहीं. त्यांतच तें रांगतें, माती तोंडांत घालतें, त्याला हगवण लागते आणि खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाई आफ्रिकेंत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घाना देशांत, काम करीत होत्या. मक्याच्या लापशीवर राहिलेल्या, अंगावर सूज आलेल्या अशा वयाच्या मुलांचा रोग त्यांनीं वर्णिला आणि १९३५ सालीं त्याला तेथल्याच गा भाषेंतील क्वाशिओर्कर हें नांव दिलें. दुसरें मूल झालें म्हणजे आधींच्याला होणारा रोग, असा त्या शब्दाचा अर्थ. पाठचें भावंड आलें आणि हें वाळलें, असें आमच्या आयाबायाहि म्हणतात. दोन दूरच्या देशांतील बायकांनीं एकच गोष्ट पाहिली होती.

आई कामाला जाणारी असली म्हणजे प्रश्न अधिकच बिकट. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया मूल दिवसभर निजून राहावें म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. १९२० नंतरच्या सरकारी पाहणींत ही चाल सर्रास आढळली. त्या आया निर्दय नव्हत्या. त्यांच्यापुढें दुसरा मार्ग नव्हता. पुढें कायदे आले. मुंबई इलाख्यानें १९२९ सालीं आणि आमच्या मध्यप्रांतानें १९३० सालीं प्रसूतिभत्त्याचा कायदा केला, पण तो बाळंतपणाच्या मागच्यापुढच्या कांहीं आठवड्यांपुरता. १९३४ च्या कारखान्यांच्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथें काम करतात तेथें सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली राखून ठेवण्याचे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. आमच्या जिल्ह्यांतील पुलगांव-हिंगणघाटच्या गिरण्या अशा कायद्यांच्या कक्षेंत येत. पण ज्या शेतांतून त्या गिरण्यांना कापूस मिळे, त्या शेतांतील वेचणारीला कोणताच कायदा लागू नव्हता. तिचें मूल धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळींत, आणि झोळींत मावेनासें झालें कीं थोरल्या बहिणीच्या कडेवर.

आतां वर्ध्याकडे वळूं. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें तीच योजना पुढें तपशिलानें मांडली. वर्धा-योजना म्हणून ती देशभर गाजली. हस्तोद्योगांतून शिक्षण, मातृभाषेंतून शिक्षण, सारें कांहीं तींत होतें. परंतु तिची मर्यादा पाहा: सात ते चौदा वर्षें. सातांच्या आंतील मूल तिच्यांतहि नव्हतें. गांधीजी १९४४ सालीं तुरुंगांतून सुटले तेव्हां त्यांचे विचार पुढें गेले होते. जानेवारी १९४५ मध्यें सेवाग्रामला भरलेल्या परिषदेंत नयी तालीम ही जन्मापासून मरणापर्यंतची आहे, असा विस्तार झाला आणि 'पूर्व-बुनियादी' हा शब्द रूढ झाला. हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीनें शांता नारुलकर यांनीं सेवाग्रामांत लहान मुलांचें हें काम केलें, व १९५० सालीं संघानें त्यांचें त्यावरील पुस्तक प्रसिद्ध केलें. खेळण्यांचीं महागडीं पेटारीं त्यांनीं मागविलीं नाहींत. नाक पुसणें, नखें काढणें, दांत घासणें, पोटाला काय मिळालें हें पाहणें, हाच अभ्यासक्रम. आणि मुलापर्यंत जावयाचें तर आईच्या हातून जावयाचें, ही त्यांची दृष्टि. शाळामास्तर म्हणून मला असें वाटतें कीं, १९३७ च्या योजनेपेक्षां १९४५ चा हा बदल अधिक मोलाचा होता. पण योजनेचा डंका वाजला आणि बदल पुस्तकांत राहिला.

त्याच १९४५ सालीं, डिसेंबरांत, ठाणें जिल्ह्याच्या समुद्रकांठीं बोर्डी येथें ताराबाई मोडक यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. ताराबाई पूर्वीं विदर्भांत, अमरावतीस राहिलेल्या. १९२३ सालीं भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत गेल्या आणि पुढें दादरला शिशुविहार चालविलें. शहरांतील शिशुविहारांत मूल दप्तर घेऊन येई. बोर्डीच्या पाड्यांवर तें येईना. तेव्हां ताराबाई आणि अनुताई वाघ यांनीं शाळाच पाड्यावर नेली. झोंपडीपुढच्या अंगणांत, जेथें मूल आधींच खेळत होतें तेथें. तीच अंगणवाडी. आज देशभर हा मराठी शब्द सरकारी कागदांत आहे, पण तो प्रथम एका शिक्षिकेनें मुलामागें चालत जाण्यांतून निघाला, हें थोड्यांस ठाऊक असतें. १९५७ नंतर हें काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलें.

इकडे मोजमापहि सुरू झालें होतें. परदेशी मुलें कधीं चालतात याचे तक्ते आपल्या मुलांना लावून कसें चालेल? बडोद्याच्या विद्यापीठांत प्रमिला फाटक यांनीं एक ते तीस महिन्यांच्या हिंदी बालकांच्या वाढीचा अभ्यास करून १९७० च्या सुमारास आपल्याकडची मोजपट्टी बसविली. २००६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें नवीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं. त्यांसाठीं निवडलेल्या सहा देशांत आपलाहि देश होता. त्या प्रमाणांप्रमाणें निरोगी मूल आपल्या पायांनीं चालूं लागण्याचा अवधि सुमारें ८ महिन्यांपासून १७॥ महिन्यांपर्यंतचा आहे. शंभरांतील चार मुलें तर हातागुडघ्यांवर रांगलींच नाहींत. तीं तशींच उठून चालूं लागलीं. शेजारणीचा नातू दहाव्या महिन्यांत चालला म्हणून आपल्या चौदा महिन्यांच्या नातीची चिंता करणाऱ्या आजीबाईंनीं हे आंकडे अवश्य ध्यानांत ठेवावे. मात्र अठरा महिने उलटूनहि मूल चालत नसेल, तर सणाची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना देशांतील ३३ ठिकाणीं सुरू केली. मेळघाटांतील धारणी हें त्यांतलें एक. अंगणवाडी आतां सरकारी झाली. तिच्यांत वजन होतें, लस होते, आहार मिळतो. तरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अंगणवाडींत बसून खाणें-शिकणें तें तीन वर्षांपुढील मुलांचें. तिच्या आंतील मुलाचा शिधा घरीं नेण्यासाठीं देतात. घरीं आई नाहीं, ती कापसांत. शिधा शिजवून भरवावा कोणीं? २००५ सालीं महाराष्ट्रानें राजमाता जिजाऊ यांच्या नांवानें पोषण मिशन काढलें, त्यानें पहिल्या दोन वर्षांवर विशेष भर दिला.

भरविणारा हात बहुधा आठ-दहा वर्षांच्या मुलीचा असतो. मीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. दसऱ्यानंतर कापूस फुटला कीं तिसरी-चौथीच्या हजेरींत मुलींच्या नांवांपुढें फुल्या पडूं लागत. मुलांच्या नांवांपुढें तितक्या नसत. कांहीं जणी धाकट्याला कडेवर घेऊनच वर्गांत येत, आणि गणित चाललें असतां तो फळ्याखालीं रांगत असे. मीं कोणाला परत पाठविलें नाहीं. परत पाठविली असती तर ती उद्यांपासून आलीच नसती. तिसरींत सुटलेल्या अशा मुलींपैकीं कितीजणींनीं पुढें शाळेचें तोंड पाहिलें, हें त्यांच्या लेकींच्या दाखल्यांवर अंगठे घेतांना मला समजत गेलें.

२००५ च्या ग्रामीण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यांत एक बारीकसें कलम होतें. कामावर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें आलीं, तर मजुरांपैकींच एका बाईला तीं सांभाळण्यास नेमावें आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मूल कडेवर घेणें हें काम आहे आणि त्याचा रोज हजेरीपटावर मांडावयाचा आहे, असें गांवांतल्या मजूर बाईपुरतें तेव्हां लिहिलें गेलें. तें कलम सरकारी रस्त्यांच्या व तळ्यांच्या कामापुरतें होतें. कापूस खाजगी शेतांत वेचला जातो.