बॅटरी टर्मिनलचे क्षरण

मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीचे खुंट आणि त्यांवर बसणारे केबलचे क्लॅम्प यांवर साचणारा पांढरा, निळसर किंवा हिरवट भुरा, तसेच त्याखाली होणारी धातूची झीज. गॅरेजमध्ये याला सर्रास ‘कार्बन’ म्हणतात, पण त्यात कार्बनचा वाटा जवळपास नसतोच. पांढरा भाग मुख्यतः लेड सल्फेटचा असतो. निळा-हिरवा भाग केबलच्या तांब्यापासून किंवा पितळी क्लॅम्पपासून तयार झालेले कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद असतो. द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर भिजवतात तोच हा पदार्थ. तांबूस कड दिसली तर नटबोल्टचे लोखंड गंजू लागले आहे असे समजावे.

कारण. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये बनवलेल्या बॅटरीचे मूळ रसायन आजही मोटारीत टिकून आहे : शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल. अशा सहा घटांची बॅटरी पूर्ण भारित असताना सुमारे 12.6 व्होल्ट देते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला साधारण 14 व्होल्टने भारित करतो. रेग्युलेटर बिघडून हा दाब 15 च्या वर गेला की आतले पाणी वेगाने फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर आम्लाचे सूक्ष्म तुषारही येतात. दुसरी वाट खुंटाच्या बुडाशी असते. तिथले सील सैल झाले की आम्ल खुंटावर झिरपत चढते. तिसरे कारण मालकाच्या उत्साहातून येते. डिस्टिल्ड वॉटर खुणेच्या वर भरले, तर चार्जिंगच्या वेळी द्राव फुगून बुचांतून बाहेर येतो. ‘मेन्टेनन्स फ्री’ बॅटरीत वायू कमी सुटतो, म्हणून भुराही कमी धरतो. तो अजिबात धरत नाही, असे मात्र नाही.

परिणाम. या बिघाडाची फसवी बाजू एका साध्या गुणाकाराने कळते. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये केवळ 0.02 ओहम रोध आला आहे असे धरू. दिवे 10 अँपिअर घेत असतील, तर तिथे 0.2 व्होल्ट खर्च होतात आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. सेल्फ मारला की स्टार्टर 150 अँपिअर मागतो. मग त्याच जागी 3 व्होल्ट अडतात आणि स्टार्टर नुसता कटकटतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, गाडी मात्र उठत नाही. लोक ‘बॅटरी उतरली’ म्हणून नवी आणतात. नवी बसवताना क्लॅम्प घासले जातात, गाडी सुरू होते आणि दोष जुन्या, धडधाकट बॅटरीच्या माथी बसतो. म्हणून बॅटरी बदलण्याआधी मल्टीमीटरची एक सळई खुंटावर आणि दुसरी क्लॅम्पवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. काटा 0.2 व्होल्टच्या पुढे गेला, तर दोष सांध्यात आहे. दोन मिनिटांची ही चाचणी हजारो रुपये वाचवते, तरी ती फारशी केली जात नाही, याची खंत वाटते.

सफाई. इंजिन बंद करून चावी काढावी. हातमोजे आणि चष्मा घालावा. आधी ऋण क्लॅम्प काढावा, मग धन. बसवताना आधी धन, मग ऋण. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण क्लॅम्प जागेवर असताना धन नट फिरवणारा पाना पत्र्याला टेकला, तर शॉर्ट सर्किट होते. हवेत 4 टक्के हायड्रोजनही पेट घेऊ शकतो, म्हणून अशा ठिणगीने बॅटरी फुटू शकते.

बुचे घट्ट लावून, कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून तो भुऱ्यावर ओतावा. फेस येतो तोवर आम्ल शिल्लक आहे असे समजावे. सोडा आत गेला तर कामाचे आम्लही मरते, म्हणून बुचांची काळजी. नंतर तारेच्या ब्रशने खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू धातू चमकेपर्यंत घासावी, साध्या पाण्याने धुवावी व कोरडी करावी. भुरा कोरडाच खरवडू नये. त्यात शिसे असते आणि ती धूळ श्वासावाटे आत जाते.

नुसते उकळते पाणी ओतण्याची पद्धत अर्धवट आहे. मोरचूद विरघळतो, लेड सल्फेट जवळजवळ तसेच राहते आणि आम्ल पातळ होऊन बॅटरीखालच्या ट्रेवर पसरते. कोला ओतणे त्याहून वाईट : तिच्यात स्वतःचेच आम्ल असते, वर साखरेचा चिकटा राहतो.

प्रतिबंध. क्लॅम्प घट्ट बसल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. ती वीज वाहत नाही. तिचे काम फक्त हवा, ओल आणि आम्ल यांना दूर ठेवण्याचे. क्लॅम्प हाताने हलता कामा नये, पण शिसे मऊ असते, म्हणून पाना जोर लावून पिळू नये. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवण्याची किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याची सवय सर्वांत घातक, कारण त्यामुळे खुंटाचे सील फुटते आणि सफाईच पुढच्या क्षरणाचे मूळ ठरते. नव्या गाड्यांत ऋण क्लॅम्पवर बॅटरी सेन्सर असू शकतो. त्यावर पाणी ओतू नये.

साफ करूनही महिन्याभरात भुरा परतला, तर सोडा बाजूला ठेवून चालू इंजिनवर चार्जिंगचा व्होल्टेज मोजावा. तो ठीक असेल आणि भुरा एकाच खुंटाभोवती धरत असेल, तर सील गेले आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांनाही हेच लागू आहे. फरक एवढाच, की तिथे पाना उचलण्याआधी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लगही काढावा लागतो.