सोपे इंग्रजी : दोन शब्दयाद्यांची गोष्ट

आय. ए. रिचर्ड्सची जी ओळख आपल्या वाङ्मयाच्या वर्गांत करून दिली जाते, ती फार तर अर्धी आहे. 'प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम' (१९२४) आणि 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथांचा कर्ता, प्रेरणांच्या संतुलनाचा सिद्धान्त मांडणारा, नवसमीक्षेचा पूर्वसूरी, एवढ्यावर विद्यार्थ्यांच्या वह्या संपतात. या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध प्रामुख्याने ज्या कामाला दिला, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी वाचावयास शिकविणे, त्याचा उल्लेख आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे. समीक्षेतून निवृत्त झालेल्या एका विद्वानाचा तो छंद होता, अशी समजूत असावी. आज इंटरनेटवर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जी वाचनसाधने उपलब्ध आहेत त्यांचा माग काढीत मागे गेले, तर मात्र रिचर्ड्स, त्याचा मित्र सी. के. ऑग्डेन आणि त्या दोघांचा विरोधक मायकेल वेस्ट ही तीन माणसे हमखास भेटतात. त्यांतल्या वेस्टचे मूळ काम तर आपल्याच उपखंडात, ढाक्यात झालेले आहे.

१९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांनी मिळून 'द मीनिंग ऑफ मीनिंग' हा ग्रंथ लिहिला. त्यातील व्याख्यांविषयीच्या विवेचनावर काम करताना त्यांच्या ध्यानात आले, की कोणत्याही शब्दाचा अर्थ सांगू जाता तेच ते मोजके शब्द पुन:पुन्हा हाताशी येतात. मग त्या मोजक्या शब्दांचीच एक भाषा का करू नये? ऑग्डेनने या कल्पनेचा पिच्छा पुरविला आणि १९३० साली 'बेसिक इंग्लिश' जाहीर केले. शब्द एकूण ८५०. त्यांत ६०० वस्तूंची व कल्पनांची नावे (पैकी २०० चित्राने दाखविता येतील अशी), १५० गुणवाचक शब्द आणि १०० शब्द वाक्याची हालचाल घडविणारे. सारी यादी कागदाच्या एका बाजूवर मावत असे. क्रियापदे जवळजवळ हद्दपारच झाली. 'गो', 'गेट', 'पुट', 'टेक' यांसारखी सोळा आणि साहाय्यक म्हणून दोन, एवढीच उरली. 'एंटर' नको, 'गो इन' म्हणा. 'अबॅन्डन' नको, 'गिव्ह अप' म्हणा.

या योजनेचे पुढे बरेच कौतुक झाले आणि बरीच थट्टाही. चर्चिलने १९४३ साली हार्वर्डमधील भाषणात तिची तरफदारी केली. ब्रिटिश सरकारने १९४६ साली २३,००० पौंड देऊन ऑग्डेनकडून तिचे हक्क विकत घेतले, आणि मग सरकारी खात्यांत जे होते तेच तिचे झाले. चर्चिलच्या प्रसिद्ध भाषणातील घाम आणि अश्रू बेसिकमध्ये 'फेस वॉटर' आणि 'आय वॉटर' होतील, असा विनोद रूझवेल्टने केला होता. बीबीसीच्या पूर्व विभागातून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करणाऱ्या जॉर्ज ऑर्वेलला प्रारंभी या प्रकाराविषयी आस्था होती. १९४९ च्या '१९८४' मधील 'न्यूस्पीक' ही त्या आस्थेची उलटी बाजू मानली जाते. मुंबईतही हा विषय पोहोचला होता. हिंदुस्थानातील इंग्रजी अध्यापनात बेसिकचा उपयोग कसा करावा यावर ॲडॉल्फ मायर्सचे पुस्तक येथे १९३८ साली निघाले.

मायकेल वेस्टची वाट निराळी. तो ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगालमधील द्वैभाषिकतेवरचा त्याचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने विमाव्यवसायातली एक कल्पना शाळेत आणली, ती आम्हांस अजूनही विलक्षण वाटते. मुदतीआधी विमा मोडला तर हाती जी रक्कम पडते तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्टने विचारले, की जी मुले मध्येच शाळा सोडणार, आणि बंगालमध्ये बहुसंख्य मुले सोडतच होती, त्यांच्या हाती त्या दोनचार वर्षांच्या इंग्रजीतून काय पडते? अर्धवट आलेले बोलणे विसरून जाते. वाचता येऊ लागलेले मात्र पुष्कळ टिकते. म्हणून आधी वाचन. तत्कालीन पाठ्यपुस्तके तपासून त्याने दाखविले, की त्यांत जुनाट वाङ्मयीन शब्दांची गर्दी आहे आणि एकेका पानावर इतके नवे शब्द कोंबलेले आहेत की मुलाचे वाचन पुढे सरकतच नाही. त्याने दुर्मीळ शब्दांच्या जागी रूढ शब्द घातले आणि नवे शब्द दूरदूर पेरले. 'न्यू मेथड' वाचनमाला यातून जन्मली.

महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हाचा वाद अनेकांना आठवत असेल. इंग्रजी केव्हा सुरू करावे यावर पुष्कळ लिहिले गेले. मुलाने शाळा सोडली तर त्याच्या हाती काय उरेल, हा वेस्टचा प्रश्न त्या वादात जवळजवळ नव्हताच.

वेस्ट आणि ऑग्डेन यांचे भांडण जुंपणे अटळ होते. १९३४ साली वेस्टने सहकाऱ्यांसह बेसिकची कठोर तपासणी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी ऑग्डेनने पुस्तकभर प्रतिहल्ला चढविला. या वादाचा सूर कटू आहे आणि त्यातील बराच भाग आज वाचवत नाही. परंतु वेस्टचा एक आक्षेप बिनतोड होता. 'गिव्ह', 'अप', 'पुट', 'विथ' हे शब्द यादीत एकेकदाच मोजले, तरी 'गिव्ह अप' किंवा 'पुट अप विथ' यांचा अर्थ त्या सुट्या शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. शिकणाऱ्याला तो स्वतंत्रपणेच शिकावा लागतो. म्हणजे ८५० ही संख्या कागदावरची. डोक्यावरचे ओझे कितीतरी अधिक.

मराठीत याचा पडताळा घेण्यास वेळ लागत नाही. 'लागणे' हे एक क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागते, दार लागते, आणि पाऊस पडू लागतो. परदेशी विद्यार्थ्याला 'लागणे' हा शब्द 'येतो' असे आपण केव्हा म्हणणार?

वेस्टला ही अडचण पुरती ठाऊक होती. १९३४ च्या कार्नेगी परिषदेपासून सुरू झालेल्या कामाची परिणती म्हणून १९५३ साली त्याने 'जनरल सर्व्हिस लिस्ट' सिद्ध केली. सुमारे २,००० शब्दांच्या या यादीत शब्दाखाली त्याचे निरनिराळे अर्थ दिलेले होते आणि त्यांपैकी कोणता अर्थ शेकडा किती वेळा आढळतो त्याचे आकडेही. लक्षावधी शब्दांचा मजकूर माणसांनी वाचून, प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ आहे हे ठरवून केलेली ती मोजणी होती. असे चिवट काम पाहिले की आम्हांस आपल्या जुन्या कोशकारांची आठवण होते.

आता या याद्यांचे इंटरनेटवर काय झाले ते पाहू. ऑग्डेनची यादी २००१ साली सुरू झालेल्या 'सिंपल इंग्लिश' विकिपीडियाच्या मार्गदर्शक सूचनांत जाऊन बसली. तिथे आज दोन लाखांहून अधिक लेख आहेत. वेस्टची यादी मॉन्ट्रियलचे टॉम कॉब यांच्या 'लेक्सट्यूटर' या संकेतस्थळावर आली. त्या आधी न्यूझीलंडमध्ये पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा मोजणीसाठी संगणकीय आज्ञावली केली होती. कॉब यांच्या साधनात कोणताही इंग्रजी उतारा टाकला की क्षणार्धात तो रंगून येतो: पहिल्या हजारातले शब्द निळे, दुसऱ्या हजारातले हिरवे, ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या विद्याशाखीय यादीतले पिवळे, आणि कोठेच न बसणारे लाल. हू आणि नेशन यांचे २००० सालचे संशोधन सांगते, की आधाराविना वाचन समजण्यासाठी उताऱ्यातील शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. तेव्हा शिक्षकाने लाल ठिपके मोजावेत आणि उतारा वर्गाला झेपेल की नाही ते ठरवावे. साधन खरोखर उपयुक्त आहे. खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकालाही त्यासाठी काही मोजावे लागत नाही, ही गोष्ट लहान नाही.

पण छापील यादी यंत्रात जाताना वाटेत काहीतरी गळाले. यंत्राने शब्द घेतले आणि अर्थांचे आकडे मागे ठेवले. त्याला 'लाइट' दिसतो. तो उजेड आहे, हलका आहे की फिकट आहे, हे दिसत नाही. 'फेअर' म्हणजे न्याय्य, गोरा की जत्रा, त्याला फरक पडत नाही, सगळे निळेच. रॉबर्ट फ्रॉस्टची एखादी लहान कविता त्यात टाकावी. बहुतेक शब्द निळे होतात आणि यंत्राच्या हिशेबी ती वर्तमानपत्रातील अर्थविषयक बातमीहून कितीतरी सोपी ठरते. तुकारामाची शब्दकळा साधी आहे म्हणून गाथा इयत्ता चौथीला नेमण्यासारखेच हे.

नेमक्या या ठिकाणी समीक्षक रिचर्ड्सकडे परतावे लागते. 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मधला प्रयोग सर्वांना ठाऊक आहे: कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता त्याने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना दिल्या आणि त्यांचे अभिप्राय गोळा केले. त्या मुलांची मातृभाषा बहुतांशी इंग्रजीच होती, आणि तरीही साधा वाच्यार्थ लावण्यात ती ठेचकाळली. या प्रयोगाकडे अभिरुचीची परीक्षा म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आमच्या मते ती आधी साक्षरतेची परीक्षा होती. पुस्तक निघाले त्याच वर्षी रिचर्ड्स पेकिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात शिकवावयास गेला. हार्डीच्या 'टेस'चा शेवट तेथे वाचून दाखविला तेव्हा टेसला फाशी झाल्याचे ऐकून वर्गाने टाळ्या वाजविल्या, अशी हकीगत तो पुढे सांगत असे. बापाचा मान न राखणाऱ्या मुलीला योग्य शासन झाले, असे त्या विद्यार्थ्यांचे वाचन होते. त्यांचे शब्द अडले नव्हते. कादंबरी ज्या जगात उभी आहे ते जग त्यांच्यापाशी नव्हते, आणि जे होते ते त्यांनी प्रामाणिकपणे वापरले.

मग असा माणूस ८५० शब्दांच्या मागे का लागला? याचे उत्तर 'बेसिक इन टीचिंग : ईस्ट अँड वेस्ट' (१९३५) आणि 'इंटरप्रिटेशन इन टीचिंग' (१९३८) या पुस्तकांतून मिळते. रिचर्ड्सच्या लेखी बेसिक हे वाचनाचे अवजार होते. अवघड उतारा विद्यार्थ्याने स्वत: त्या मोजक्या शब्दांत उतरवून पाहावयाचा. प्रत्येक शब्दापाशी त्याला निर्णय करावा लागे: येथे कोणता अर्थ आहे, तो या साध्या शब्दात मावतो का, न मावणारे काय उरते? सोपा उतारा हे त्या श्रमाचे केवळ उपफल. चीनमधील कामाची घडी बसत असतानाच १९३७ साली जपानी आक्रमण झाले. मग तो हार्वर्डला गेला, १९४२ साली चक्क डिस्नीच्या स्टुडिओत जाऊन साधी रेखाचित्रे काढण्याचे धडे त्याने घेतले, आणि क्रिस्टिन गिब्सनबरोबर 'इंग्लिश थ्रू पिक्चर्स' हे पुस्तक १९४५ साली काढले. यंत्रांचे त्याला वावडे नव्हते. चित्रपट, ध्वनिमुद्रिका, दूरचित्रवाणी, संगणक हे सारे या कामी कसे लावावे यावर त्याने १९६८ साली एक पुस्तकच लिहिले.

आजची साधने हा उतारा क्षणात सोपा करून देतात. अवघड शब्दाच्या जागी सोपा शब्द ठेवणारी संकेतस्थळे होतीच. २०२२ च्या अखेरीपासून संवाद करणारी यंत्रे अवघा निबंध हव्या त्या इयत्तेच्या इंग्रजीत उतरवू लागली आहेत. त्यांची भाषांतरे ऑग्डेनच्या 'आय वॉटर'पेक्षा निश्चितच सुबक असतात, आणि अडचण त्या सुबकपणातच आहे. शिवण कोठे आहे ते दिसत नाही. काय गळाले याचा निर्णय यंत्राने करून टाकलेला असतो, आणि तो निर्णय करणे हेच विद्यार्थ्याने शिकावयाचे होते.

याच जातीचे, पण उलट्या चालीचे एक साधन मात्र आम्हांस रिचर्ड्सच्या कुळातले वाटते. बर्मिंगहॅम विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या टिम जॉन्सने १९८० च्या दशकात संगणकीय शब्दसूची वर्गात आणली. शब्द टंकावा, आणि तो प्रत्यक्ष लिखाणात जेथे जेथे आला ती वाक्ये एकाखाली एक, शब्द मधोमध ठेवून, समोर यावीत. अशा सूची आता इंटरनेटवर सहज मिळतात. संतवाङ्मयाच्या शब्दसूची हाताळलेल्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. येथे यंत्र अर्थ सांगत नाही, पुरावा समोर ठेवते; अर्थांची वाटणी वाचणाऱ्याने करावयाची.

अध्यापकांनी एक तास असा घेऊन पाहावा. इंग्रजी निबंधातला एक परिच्छेद आणि ऑग्डेनच्या यादीची एक प्रत प्रत्येकाला द्यावी. परिच्छेद त्या शब्दांत लिहावयास सांगावा आणि जे बसले नाही ते समासात टिपून ठेवावयास सांगावे. नंतर तोच परिच्छेद यंत्राकडून सोपा करून घ्यावा आणि समासातल्या टिपणांपैकी कशाचा मागमूस त्यात राहिला आहे ते शोधावे. संगणक लागतो तो शेवटच्या दहा मिनिटांतच.