निर्मळ कडा : नाकाच्या कर्करोगाचा शस्त्रेतिहास

आषाढांत मलकापुरास पडसें नसलेला माणूस सांपडणें कठीण. कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या वाटेवर, आंबाघाटाच्या अलीकडे, विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचें हें जुनें ठाणें; पाऊस एकदां लागला म्हणजे आठवडेच्या आठवडे उघडत नाहीं. अशा गांवांत कोणाची एकच नाकपुडी महिनोन् महिने चोंदून राहिली, अधूनमधून रक्ताचा थेंब आला, तर त्याची दखल कोण घेणार? वाफारा घ्यावा, सुंठ उगाळून लावावी, आणि दिवाळीपर्यंत वाट पाहावी! नाकांतील व त्याच्या शेजारच्या हाडांच्या पोकळ्यांतील, म्हणजे सायनसांतील, कर्करोगाचें सारें कपट या सामान्यपणांतच आहे. तो विरळा असतो. गालाच्या पोकळींत त्याला वाढावयास ऐसपैस जागा मिळते, आणि गाल सुजून, दांत हलून किंवा डोळा पुढें येऊन तो ओळखूं येतो, तेव्हां बहुधा तो दूरवर पसरलेला असतो.

शस्त्रवैद्याला गांठ दिसते. तिचीं मुळें दिसत नाहींत. म्हणून गांठीभोवतीं निरोगी मांसाचा पट्टा ठेवून तो तिला कापतो. काढलेल्या तुकड्याची कडा रोगमुक्त निघाली तर रोग्याच्या जगण्याची आशा वाढते; कडेवर रोग सांपडला तर तो त्याच जागीं पुन्हां उद्भवण्याचें भय राहतें, आणि मागाहून दिलेले किरण तें पुरतें घालवूं शकत नाहींत.

फ्रान्सांतील लियाँ येथें झांसूल या शस्त्रवैद्यानें १८२७ सालीं एका तरुणाचा वरचा जबडा काढला, तेव्हां ही कडा बोटांनीं चांचपूनच ठरवावी लागे. गुंगीचें औषध नव्हतें. ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टन येथें झाला तो १८४६ सालीं. रोगी शुद्धीवर, वेळ थोडा, आणि रक्ताचा पूर. अशा स्थितींत हात आंखडता घेतला जाई, यांत नवल तें काय? शिवाय एक भीति गुंगीच्या औषधानेंहि गेली नाहीं. चेहऱ्यांत एवढें मोठें भगदाड पाडल्यावर तें भरावयाचें कशानें?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा महाराष्ट्रांतून गेला आहे. १७९२ च्या युद्धांत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानाचें नाक टिपूच्या लोकांनीं कापलें. (नांव पारशी, पण त्या वेळच्या बातमींत त्याला मराठा म्हटलें आहे.) पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातींतील एका कारागिरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक बसविलें. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें १७९४ च्या ऑक्टोबरांत छापली गेली, आणि ती वाचून कार्प्यू या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तीच क्रिया करून पाहिली. कावसजीला कर्करोग नव्हता, हें खरें. परंतु कपाळाची तीच कातडी आजहि कर्करोगानें गेलेलें नाक घडविण्यास वापरतात; आणि आंतील मोठ्या पोकळीसाठीं मांडीचें वा हाताचें मांस शिरांसह जोडतात, किंवा कृत्रिम टाळू बसवितात. भगदाड बुजवितां येईल अशी खात्री असल्यावांचून सुरी मोकळेपणानें फिरत नाहीं. त्या अनामिक कारागिराचें ऋण कर्करोगाच्या वैद्यकावरहि आहे तें असें.

मांस पुष्कळ कापलें म्हणजे कडा निर्मळ झालीच असें नव्हे. त्याची साक्ष सूक्ष्मदर्शक देतो. मुंबईस परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. काढलेल्या तुकड्याचा निवाडा विकृतिशास्त्रज्ञानें करावयाचा, ही शिस्त हिंदुस्थानांत रुजविण्यांत त्यांचा वांटा मोठा.

तरीहि नाकाची जागा मोठी अडचणीची. स्वीडनच्या ओंग्रेन यानें १९३३ सालीं डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत एक काल्पनिक रेषा ओढली, आणि रेषेच्या खालीं-पुढें असलेला रोग बरा होण्याची आशा अधिक, वर-मागें असलेल्याची कमी, असें दाखविलें. वर एका बाजूस डोळा, दुसऱ्या बाजूस मेंदू. तेथें बोटभर पट्टा आणावयाचा कोठून? १९६३ सालीं अमेरिकेंत केचम व त्याच्या सहकाऱ्यांनीं कवटी व चेहरा दोन्हींकडून शिरून कवटीच्या तळाचें हाडहि काढल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हां ही वरची सीमा थोडी मागें हटली. आतां दुर्बिणीनें नाकांतूनच गांठ तुकड्यातुकड्यांनीं काढतात. तुकडे किती झाले यापेक्षां शेवटीं उरलेली कडा स्वच्छ आहे कीं नाहीं, याचेंच महत्त्व अधिक.

ती पाहण्यासाठीं शस्त्रक्रिया चालू असतांनाच कडेचा मऊ भाग गोठवून त्याचे पातळ काप तपासतात, आणि तोंवर शस्त्रवैद्य हात थांबवून उभा असतो. हाड मात्र असें कापतां येत नाहीं. तें द्रावणांत ठेवून मऊ करावें लागतें, व त्याला दिवस लागतात. मलकापूरचा रोगी तोंवर खाटेवर बसूं लागलेला असतो, नाकांतली पट्टीहि बहुधा निघालेली असते, आणि त्याच्या हाडाच्या कडेचा निकाल अजून यावयाचा असतो.